स्कायलॅबमध्ये न झालेला संप

ज्यांना जुलै १९७९ आठवतो, त्यांच्या लेखी स्कायलॅब म्हणजे आभाळातून डोक्यावर पडणारी भानगड. कधी पडणार, कुठे पडणार, आपल्याच गावावर पडली तर काय, याच गप्पा तेव्हा चालायच्या. शेवटी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उजाड मुलखात पडले आणि आपल्यापुरता विषय संपला. पण ही पडलेली वस्तू मुळात राहतं घर होती. अमेरिकेचं हे पहिलं अवकाशस्थानक १४ मे १९७३ रोजी वर गेलं आणि पुढच्या नऊ महिन्यांत तिघातिघांच्या तीन तुकड्या तिथे राहून आल्या. पहिली २८ दिवस, दुसरी ५९ दिवस आणि तिसरी ८४ दिवस.

हे प्रकरण तिसऱ्या तुकडीचं आहे. व्यवस्थापनाच्या वर्गांत ते 'अवकाशातला पहिला संप' म्हणून सांगितलं जातं. अंतराळवीरांनी कंटाळून रेडिओ बंद केला, एक दिवस काम थांबवलं, ह्यूस्टन, म्हणजे मोहीम चालवणारं जमिनीवरचं नियंत्रण केंद्र, नमलं आणि मागण्या मान्य झाल्या. गोष्ट झकास आहे, पण तसं काही घडलं नव्हतं. जे घडलं त्यात खलनायक नाही आणि टेबलावर आपटलेली मूठही नाही. पाच-सहा आठवडे दोन्ही बाजूंनी मनातलं मनात ठेवलं आणि मग एक दिवस ते बोलून टाकलं, एवढंच आहे. ते इतके दिवस मनात का राहिलं, हा खरा विचारायचा प्रश्न.

तिघंही नवखे

कमांडर जेरल्ड कार हा मरीन कोरचा वैमानिक. एडवर्ड गिब्सन सौरभौतिकीचा अभ्यासक. पायलट विल्यम पोग हवाई दलातला, 'थंडरबर्ड्स' या विमानांच्या कसरती करणाऱ्या पथकातून उडालेला. तिघांपैकी एकही याआधी अवकाशात गेलेला नव्हता. आधीच्या दोन्ही तुकड्यांचे कमांडर, पीट कॉनरॅड आणि ॲलन बीन, अपोलो १२ मधून चंद्रावर जाऊन चालून आलेले होते. म्हणजे त्या तुकड्यांत 'हे असंच होतं, दोन दिवसांत बरं वाटेल' असं सांगणारं निदान एक माणूस होतं. इथे तसं कुणीच नव्हतं.

त्यात बीन, गॅरियट आणि लूस्मा यांच्या दुसऱ्या तुकडीने मोठी पंचाईत करून ठेवली होती. पहिल्या आठवड्यात तीही माणसं मळमळीने हैराण होती, कामं मागे पडत होती. पण एकदा सूर सापडल्यावर त्यांनी असा काही सपाटा लावला, की खालून आणखी काम पाठवा म्हणून तेच मागायला लागले. नेमून दिलेल्या कामाच्या जवळपास दीडपट काम करून ते परतले. ह्यूस्टनमध्ये वेळापत्रक आखणाऱ्यांच्या डोक्यात बसली ती त्यांची शेवटच्या आठवड्यांतली गती. पहिला आठवडा मागे राहून गेला.

जाताना या मंडळींनी एक गंमतही करून ठेवली होती. रिकाम्या स्थानकात उड्डाणाचे सूट ठासून भरून तीन बाहुले बसवले आणि त्यांच्यावर नव्या तुकडीची चिन्हं आणि नावं लावली. कार, पोग आणि गिब्सन आत शिरले तेव्हा आपल्याच नावाची तीन माणसं आधीच कामाला लागलेली त्यांना दिसली. पुढे काय होणार ते माहीत असलेल्याला या थट्टेत थोडं जास्तच दिसतं.

उलटीची पिशवी

१० नोव्हेंबरला उड्डाण ठरलं होतं. रॉकेटच्या पंखांना बारीक तडे सापडले, ते बदलण्यात दिवस गेले आणि १६ नोव्हेंबर १९७३ ला तिघं निघाले. त्याच दिवशी स्थानकाला यान जोडलं गेलं. डॉक्टरांचा सल्ला असा होता की पहिली रात्र लहानशा यानातच काढावी, मोठ्या मोकळ्या जागेत लगेच जाऊ नये.

सल्ला शास्त्राला धरून होता. आपल्या अंतर्कर्णात कॅल्शियमचे सूक्ष्म खडे असतात. गुरुत्वाकर्षणामुळे ते खाली दाबले जातात आणि मेंदूला 'खाली' कुठे आहे ते कळतं. वजनच नाही म्हटल्यावर हे खडे काही सांगेनासे होतात. डोळे मात्र सांगत राहतात की ही भिंत, ते छत. दोन साक्षी जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळायला लागतं. डोकं जितकं हलवाल तितका त्रास जास्त. मर्क्युरी आणि जेमिनी या अमेरिकेच्या सुरुवातीच्या छोट्या यानांत माणूस खुर्चीत करकचून बांधलेला असायचा, हलायला जागाच नव्हती, म्हणून हा त्रास फारसा दिसला नाही. स्कायलॅब एखाद्या ऐसपैस बंगल्याएवढी होती. तिथे माणूस कोलांट्या मारू शकत होता आणि त्याची किंमतही मोजत होता.

पोगने संध्याकाळी जेवण केलं आणि ते उलटून पडलं. विमानाच्या कसरतींत मुरलेल्या माणसाला असं व्हावं याचं त्यालाही आश्चर्य वाटलं असेल. पण जमिनीवरचा पट्टीचा वैमानिक वर गेल्यावर टिकतोच असं नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना पहिले दोन-तीन दिवस हा त्रास होतो.

आता पुढचा प्रश्न, खाली सांगायचं का? तोंडातून आत गेलेलं आणि शरीरातून बाहेर पडलेलं सगळं मोजणं हा स्कायलॅबच्या वैद्यकीय प्रयोगांचा पायाच होता. प्रत्येक घास नोंदवायचा, लघवीचे नमुने गोठवायचे, विष्ठा वाळवून जपून परत आणायची. उलटीची पिशवीही नमुनाच होती. कार आणि गिब्सनने आपसांत बोलून ठरवलं की उलटीचा उल्लेख नको, पिशवी कचऱ्यात टाकून देऊ, उगाच खाली धावाधाव नको.

ही लपवाछपवी पोरकट वाटते खरी, पण तिच्यामागे अनुभव होता. वैमानिकांच्या जगात डॉक्टर हा असा माणूस, ज्याच्या खोलीतून तुम्ही आत गेलात तसे बाहेर येता किंवा उडणं बंद होऊन बाहेर येता. १९६९ मध्ये अपोलो ९ वर रस्टी श्वायकार्टला उलट्या झाल्या, त्याचा अवकाशातला कार्यक्रम कापावा लागला आणि त्यानंतर तो कधीच अवकाशात गेला नाही. त्याला इतर कारणंही असतील, पण सहकाऱ्यांनी काय घ्यायचा तो धडा घेतला.

घोळ असा झाला की त्या वेळी यानातला टेप चालू होता. वर रेकॉर्ड झालेलं बोलणं खाली पाठवलं जायचं आणि तिथे माणसं ते शब्दाशब्दाने उतरवून काढायची. दुसऱ्या दिवशी हा सगळा कट टाइप होऊन ह्यूस्टनच्या टेबलावर आला.

अंतराळवीर विभागाचा प्रमुख ॲलन शेपर्ड स्वतः रेडिओवर आला आणि तब्येतीचा खरा अहवाल न देण्यात तुम्ही गंभीर चूक केलीत असं त्याने सुनावलं. कारने लगेच कबूल केलं की निर्णय मूर्खपणाचा होता. हे सगळं झालं खुल्या लाइनवर, पत्रकार ऐकत असताना.

शेपर्ड हा अवकाशात गेलेला पहिला अमेरिकन. १९६० च्या दशकात त्याला मेनियर हा अंतर्कर्णाचा आजार जडला, चक्कर आणि मळमळ सुरू झाली आणि डॉक्टरांनी त्याचं उड्डाण बंद केलं. १९६८ मध्ये त्याने लॉस एंजेलिसला जाऊन कानावर शस्त्रक्रिया करून घेतली, तीही खोट्या नावाने, कुणाला कळू नये म्हणून. त्यातून बरा होऊन तो १९७१ मध्ये चंद्रावर गेला. कानातल्या बिघाडापायी काय काय हातचं जातं आणि ते का लपवावंसं वाटतं, हे त्याच्याइतकं नासात कुणाला कळलं असतं? तरी सुनावलं त्यानेच.

मुद्दा म्हणून शेपर्ड बरोबर होता. वरच्या माणसाची खरी अवस्था खाली कळली नाही तर मोहीम चालवताच येत नाही. पण जागा चुकली. चारचौघांत बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या वेळी खरं बोलेल अशी अपेक्षा करणं अवघड आहे. तो फार तर खोटं बोलणार नाही, आणि गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. माझ्या मते पुढच्या पाच-सहा आठवड्यांचं बीज इथे आहे, कामाच्या ताणात तितकंसं नाही. 'आम्ही थकलोय' हे वाक्य म्हणायला या तिघांना आता दुप्पट जड जाणार होतं.

मिनिटामिनिटाचा हिशेब

स्कायलॅबमध्ये टेलिप्रिंटर होता. रात्री तिघं झोपलेले असताना ह्यूस्टनहून दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम यायचा आणि सकाळी उठून बघावं तर कागदाची लांबच लांब पट्टी बाहेर आलेली असायची. कोणत्या मिनिटाला कुणी कुठे असायचं, कोणतं उपकरण कोणत्या दिशेला फिरवायचं, कोणता फिल्टर, किती सेकंद. ती कापायची, वाटून घ्यायची आणि पळायचं.

हे वेळापत्रक कागदावर चोख होतं. पण एका प्रयोगाची वेळ संपली की त्याच मिनिटाला दुसऱ्याची सुरू व्हायची. पहिल्याचं सामान आवरायला वेळ नाही, दुसऱ्याचं शोधायला वेळ नाही आणि या टोकाकडून त्या टोकाला जायलाही नाही. जमिनीवर या गोष्टी आपण मोजत नाही, कारण स्क्रू टेबलावर ठेवला की तो टेबलावरच राहतो. तिथे तो ठेवताच येत नाही. हातातून सुटला की तरंगत कुठेतरी निघून जातो आणि हवा खेचणाऱ्या जाळीला जाऊन चिकटतो. हरवलेली वस्तू शोधायची तर आधी ती जाळी बघायची, हे स्कायलॅबमध्ये राहून गेलेल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. उभं राहून दोन्ही हातांनी काम करायचं तर बुटाच्या तळाला लावलेली तिकोनी खीळ जमिनीच्या जाळीत अडकवायची, नाहीतर पाना फिरवताना पान्याऐवजी माणूसच फिरतो. शिवाय घरात याआधी सहा माणसं राहून गेलेली. यादीत लिहिलेल्या कप्प्यात वस्तू असेलच याची खात्री नव्हती.

आणखी एक बारीकशी अडचण होती. स्कायलॅबमधला हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या जेमतेम एक तृतीयांश होता. इतक्या विरळ हवेत आवाज लांब जात नाही. पलीकडच्या टोकाला असलेल्या गड्याला 'अरे, तो कॅमेरा कुठे ठेवलास?' असं विचारायचं तर घसा फोडायचा किंवा इंटरकॉमपर्यंत जायचं.

शरीर वेगळंच काहीतरी करत होतं. पायांतलं पाणी वर चढतं, चेहरा सुजल्यासारखा होतो, नाक चोंदतं, जेवणाची चव जाते. मोहीम आधी ५६ दिवसांची आखली होती, ती ८४ पर्यंत वाढवली. वाढीव दिवसांसाठी पुरेसं अन्न न्यायला जागा नव्हती म्हणून कोरड्या, जड वड्या बरोबर दिल्या होत्या. चोंदलेल्या नाकाने त्या चघळत बसणं ही कुणाची आवडती वेळ असणं शक्यच नव्हतं.

यात पहिल्या आठवड्यातच मोठी दुरुस्तीची कामं आली. थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतला द्रव गळून कमी झाला होता, तो नव्याने भरायचा होता. २२ नोव्हेंबरला पोग आणि गिब्सन साडेसहा तास बाहेर होते, एका बिघडलेल्या अँटेनाची दुरुस्ती त्यांनी केली. त्याच सुमाराला स्थानकाची दिशा सांभाळणाऱ्या तीन मोठ्या जायरोंपैकी, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकांपैकी, एक कायमचा बंद पडला. आता सूर्याकडे की पृथ्वीकडे तोंड करायचं हा प्रत्येक निर्णय इंधनाचा हिशेब करून घ्यावा लागणार होता.

वर धूमकेतूही आला. मार्च १९७३ मध्ये लुबोश कोहौटेक याने शोधलेला हा धूमकेतू २८ डिसेंबरला सूर्याजवळून जाणार होता आणि शतकातला धूमकेतू म्हणून त्याचा गाजावाजा झाला होता. पृथ्वीवरून पाहणाऱ्यांची त्याने पार निराशा केली, पण स्कायलॅबमधून तो छान दिसला. त्याची निरीक्षणं आधीच गच्च भरलेल्या कार्यक्रमात बसवायची होती.

ह्यूस्टनची बाजूही समजून घेतली पाहिजे. ही शेवटची तुकडी होती. हे परतले की घर रिकामं होणार, पुन्हा कुणी जाणार नाही. ज्या शास्त्रज्ञाने पाच-सात वर्षं खपून उपकरण बनवलं त्याच्यासाठी हीच काय ती संधी. वेळापत्रकाच्या खोलीत प्रत्येक गट 'आमची फक्त वीस मिनिटं' घेऊन यायचा आणि ती वीस मिनिटं खरोखर रास्त असायची. दुष्ट कुणी नव्हतं. सगळ्यांची वीस मिनिटं मिळून दिवस फुटत होता.

मग जे व्हायचं ते झालं. तिघं मागे पडायला लागले. मागे पडले म्हणून घाई, घाईत चुका, चुकांमुळे आणखी मागे. भरपाई म्हणून सुट्टीच्या दिवशीही काम करू लागले. रोजचा दीड तास व्यायाम ठरलेला होता, तो कधी जेवणाच्या पाठोपाठ यायचा. ह्यूस्टनला दिसत होतं की ही तुकडी जरा मंद आहे, चिडचिडी आहे. वरच्यांना दिसत होतं की काहीही केलं तरी खालच्यांचं समाधान होत नाही. पोगने टेपवर स्पष्ट बोलून ठेवलं होतं की आम्हाला हाकललं जातंय, आवरासावर करायलाही वेळ ठेवलेला नाही. पण टेपवर बोलणं वेगळं आणि समोरच्याला सांगणं वेगळं. टेपमधली उलटी खालच्यांनी चोवीस तासांत शोधून काढली होती. टेपमधली ही तक्रार मात्र वेळापत्रकापर्यंत पोचली नाही.

३० डिसेंबर

नाताळच्या दिवशी कार आणि पोग सुमारे सात तास बाहेर अवकाशात होते. आत अन्नाच्या रिकाम्या डब्यांपासून केलेला नाताळचा वृक्ष उभा होता. २९ तारखेला पुन्हा बाहेर, यावेळी कार आणि गिब्सन. मोहिमेचा निम्मा काळ उलटला होता.

या सुमाराला कारने खाली निरोप पाठवला की आपण एकदा मोकळेपणाने बोलू. आम्ही कुठे आहोत? तुमच्या अपेक्षेपेक्षा मागे असलो तर किती? आणि ते भरून काढायचं तर आम्हाला काय हवंय ते ऐकून घ्या. ३० डिसेंबरला ते बोलणं झालं. तेव्हाचा संपर्क आजच्यासारखा अखंड नव्हता. जमिनीवरच्या केंद्राच्या टप्प्यात असेपर्यंत काही मिनिटं बोलायचं, मग शांतता. त्यामुळे एका फेरीत वरच्यांनी आपलं सगळं गाऱ्हाणं मांडलं आणि पुढच्या फेरीत खालच्यांनी उत्तर दिलं. भांडण टाळण्याचा हा नकळत झालेला उत्तम बंदोबस्त म्हणायचा, मध्येच तोडता येत नाही.

उत्तर वरच्यांना अनपेक्षित होतं. खालच्यांनी मान्य केलं की आम्ही तुम्हाला फार जोरात पळवलं, आधीच्या तुकडीच्या गतीने सुरुवात केली. आणि खालच्यांना अनपेक्षित हे होतं, की ही माणसं आळशी नाहीत, उलट मागे पडल्याची सगळ्यात जास्त लाज त्यांनाच वाटतेय.

बदल साधे होते. जेवणाच्या वेळेत काम नाही. रात्रीच्या जेवणानंतर काही नेमायचं नाही. जेवल्याबरोबर व्यायाम नाही. आणि ज्या कामांना अमुक मिनिटाचं बंधन नाही, म्हणजे साफसफाई, किरकोळ दुरुस्ती, लहानसहान प्रयोग, त्यांची एक वेगळी यादी. जमेल त्याने जमेल तेव्हा करायचं. बाजाराच्या यादीसारखी ती यादी, आणि नावही तेच पडलं. सूर्य, पृथ्वी किंवा धूमकेतू यांच्याशी बांधलेली कामं मात्र ठरल्या सेकंदालाच.

यात काम कमी झालं असं समजू नका. प्रयोगांचा ढीग होता तेवढाच राहिला. बदलला तो हुकूम कुणाचा हा भाग. दिवसातल्या काही तासांचा मालक पुन्हा वरचा माणूस झाला आणि गाडी रुळावर आली. मोहीम संपेपर्यंत मागची थकबाकी भरून निघाली होती आणि वरही बरंच काम झालं होतं. २१ जानेवारी १९७४ ला गिब्सन सौर दुर्बिणींच्या कन्सोलवर एका अस्वस्थ भागावर नजर ठेवून बसला होता आणि सूर्यावरच्या ज्वालेचा जन्म त्याने पहिल्यांदाच अवकाशातून फिल्मवर पकडला. अशी गोष्ट मिनिटाच्या पट्टीवर लिहून पाठवता येत नाही. ज्याला सूर्य कळतो त्याला थोडा वेळ मोकळा सोडावा लागतो.

तब्येतीचंही तसंच. डॉक्टर अंतराळवीर विल्यम थॉर्नटन याने या तुकडीसाठी एक बिनखर्ची उपाय करून दिला होता: जमिनीला पक्का केलेला टेफ्लॉनचा गुळगुळीत पत्रा, आणि माणसाला खाली ओढून धरणाऱ्या रबरी दोऱ्या. मोज्यांनी घसरत त्यावर चालायचं, चढण चढल्यासारखं. पोटऱ्या भरून यायच्या. ८ फेब्रुवारी १९७४ ला हे तिघं उतरले तेव्हा आधीच्या दोन्ही तुकड्यांपेक्षा जास्त दिवस राहूनही ते लवकर सावरले. त्यांचा ८४ दिवसांचा विक्रम जगात १९७८ मध्ये सोव्हिएत अंतराळवीरांनी मोडला. अमेरिकेत तो १९९५ पर्यंत टिकला.

मग संप आला कुठून?

एका धाग्यावरून. रोज एकाने रेडिओकडे लक्ष ठेवायचं, बाकीच्या दोघांनी आपलं काम करायचं, अशी तिघांची पाळी होती. एकदा प्रत्येकाला वाटलं दुसरा ऐकतोय. रेडिओ हवा तसा लावलेलाच नव्हता आणि पृथ्वीच्या एका प्रदक्षिणेपुरता, म्हणजे साधारण दीड तास, संपर्क झाला नाही. प्रमाद एवढाच. घरात तिघं असताना बेल वाजूनही दार कुणीच न उघडण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना याचं फार नवल वाटू नये.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकातल्या लेखनाने या मोहिमेतल्या कुरबुरी लोकांसमोर आणल्या आणि १९८० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यावर केस बेतली, तीही संपाच्या नावाने. वर्गात शिकवायला ती सोयीची होती: जाच करणारं व्यवस्थापन, बंड करणारे कामगार, वाटाघाट, तोडगा. पुढे एकाने दुसऱ्याचं वाचून लिहिलं. चुकलेला रेडिओ मुद्दाम बंद केलेला झाला, ठरलेली सुट्टी काम बंद आंदोलन झाली. तिघांनीही नंतर वेळोवेळी सांगितलं की संप वगैरे काही नव्हता. २०२० मध्ये नासाच्या इतिहास विभागाने कागदपत्रं लावून तेच लिहिलं. तरी गोष्ट चालूच आहे.

हार्वर्डच्या मांडणीवर माझा आक्षेप खऱ्याखोट्यापुरता नाही. संप म्हटलं की दोन बाजूंना आपापलं म्हणणं पक्कं ठाऊक असतं आणि भांडण हिताचं असतं. इथे दोन्ही बाजूंना सूर्याची, पृथ्वीची, धूमकेतूची हीच निरीक्षणं हवी होती. फक्त समोरच्याला काय वाटतंय याचा अंदाज दोघांचाही साफ चुकला होता, आणि विचारायची सोय होती तरी विचारवत नव्हतं. हे बरोबर ओळखलं तर उपायही वेगळा निघतो. मागण्या मान्य करण्यापेक्षा, तक्रार करताना माणसाची अब्रू जाणार नाही अशी जागा तयार करणं, हा तो उपाय.

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात ती जागा ठेवलेली आहे. तिथे डॉक्टरांशी आणि मानसतज्ज्ञांशी ठरावीक दिवसांनी खाजगी बोलणं होतं, ते बाहेर जात नाही. घरच्यांशी बोलायची वेळ राखून असते. आणि कार्यक्रमाच्या बाजूला एक सैल यादी असते, जमेल तेव्हा उरकायच्या कामांची. स्कायलॅबच्या त्या बाजाराच्या यादीची ती पणती. नव्या माणसाला सुरुवातीचे दिवस हलकं काम द्यायचं हेही आता गृहीतच धरलेलं असतं.

आपल्याकडे गगनयानसाठी निवडलेले चारही जण हवाई दलाचे कसोटी वैमानिक आहेत: प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला. यांपैकी शुक्ला २०२५ मध्ये अवकाशस्थानकात १८ दिवस राहून आला, म्हणजे 'दोन दिवसांत बरं वाटेल' म्हणणारा एक माणूस आपल्याकडे आता आहे. गगनयानची पहिली मानवी फेरी तीनेक दिवसांचीच ठरलेली असल्याने वेळापत्रकाचा प्रश्न तिथे फारसा येणार नाही. मळमळीचा मात्र येईल, कारण ती पहिल्या तीन दिवसांतच येते. खरा कस २०३५ पर्यंत उभारायच्या भारतीय अंतराळ स्थानकावर लागेल. तेव्हा वर जाणारा गट लष्करी शिस्तीतून आलेला असेल, खाली प्रत्येक प्रयोगशाळेची 'फक्त वीस मिनिटं' असतील, आणि टीव्हीचे कॅमेरे १९७३ पेक्षा कितीतरी जास्त असतील. डॉक्टरांशी बोलायची खाजगी लाइन कुणाच्या हातात असेल, तिच्यावरचं बोलणं कुणापर्यंत जाईल आणि त्यावरून कुणाचं पुढचं उड्डाण अडेल का, हे नियम वर जाण्याआधी कागदावर यायला हवेत. रॉकेटच्या पंखातला तडा शोधण्याइतकंच ते काम तांत्रिक आहे.